पूर्णेच्या दगडांखालचे जग
येलदरी-सिद्धेश्वर धरणांनी पाणी आणि वीज दिली. पण वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या लहान जिवांचे काय झाले?

हिंगोली जिल्ह्याचा विषय निघाला की औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे नरसी, वसमतची हळद आणि अलीकडच्या काळात औंढ्याजवळच्या ‘लायगो’ प्रकल्पाची नावे पुढे येतात. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे अर्थकारण मात्र बऱ्याच अंशी एका नदीवर उभे आहे. ती नदी म्हणजे पूर्णा. विदर्भातून वाहत तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. ही अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावून मराठवाड्यातून वाहणारी आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळणारी पूर्णा होय.

या नदीविषयी बोलताना धरणाचा साठा किती टक्के झाला, कालव्याचे आवर्तन केव्हा सुटणार, हे प्रश्न स्वाभाविकपणे आधी येतात. नदी हा पाण्याचा साठा आहे, असेच जणू सर्वांनी गृहीत धरलेले असते. परंतु नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे. तिच्या पात्रातील एखादा दगड उचलून उलटा केला, तर त्याच्या ओलसर पोटाशी चिकटलेली एक संपूर्ण वस्ती दिसते. चपट्या अंगाचे कीटक, वाळूच्या कणांची नळी करून तीत राहणाऱ्या अळ्या, इवल्या गोगलगायी, जळवा अशी कितीतरी मंडळी तेथे नांदत असतात. कणा नसलेल्या या प्राण्यांना शास्त्रज्ञ अपृष्ठवंशी म्हणतात. नदीचा कणा मात्र तेच आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

दोन धरणे, एक नदी

पूर्णा प्रकल्पात दोन धरणे एकापाठोपाठ एक अशी उभी आहेत. वरचे येलदरी धरण परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात आहे, तर त्याच्या खालचे सिद्धेश्वर धरण हिंगोलीच्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकल्प पूर्ण झाला. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे मोठी कोठी वर आणि घागर खाली, अशी ही रचना आहे. येलदरीत साठवलेले पाणी गरजेनुसार नदीतूनच सिद्धेश्वरपर्यंत आणायचे आणि तेथून कालव्यांत सोडायचे, असा या योजनेचा गाभा आहे. परभणी आणि हिंगोली या दोन्ही जिल्ह्यांतील शेती तसेच अनेक गावांचा पाणीपुरवठा यावर अवलंबून आहे.

येलदरीतून खाली येणारे पाणी वाटेत आणखी एक काम करते. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांची एकूण क्षमता २२.५ मेगावॅट आहे. कोयना प्रकल्पाच्या सुमारे १९६० मेगावॅटच्या तुलनेत ती किरकोळ वाटेल; पण नदीच्या दृष्टीने तो प्रवाह किरकोळ नसतो. तिन्ही संच एकाच वेळी चालतात तेव्हा सुमारे २७०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण ७५ हजार लिटर पाणी पात्रात येते. संच थांबले आणि दरवाजे बंद असले, की हाच प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो. माणसाच्या हिशेबात ही कळ दाबण्याची क्रिया आहे. पात्रातल्या कीटकाच्या हिशेबात मात्र काही तासांत महापूर येणे आणि काही तासांत दुष्काळ पडणे, असा तो प्रकार असतो.

धरणासाठी जागा निवडताना अभियंते बहुधा खोरे अरुंद होते, खडक उघडा असतो आणि पात्राला उतार असतो अशी जागा शोधतात. वाहत्या पाण्यातील जिवांनाही नेमकी हीच जागा हवी असते. उतारावरून खळाळत येणाऱ्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, दगडांच्या फटींत आसरा मिळतो आणि प्रवाहाबरोबर अन्न आपोआप चालत येते. जगभर नद्यांच्या घळींमध्ये जलविद्युत प्रकल्प आणि जैवविविधता यांचा झगडा उभा राहतो, त्याचे मूळ या एकाच योगायोगात आहे. आफ्रिकेतील झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या बटोका घळीत नियोजित असलेल्या मोठ्या प्रकल्पाबाबतही वादाचा एक मुद्दा हाच आहे. घळीतले खळाळते पाणी संथ जलाशयात बदलले, तर तेथील जीवसृष्टीचे काय होणार?

कोण राहते तेथे?

वाहत्या पाण्यातील रहिवाशांत पहिला मान मेफ्लाय या कीटकाचा. त्याचे पिल्लू पाण्यात राहते. पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पिसांसारख्या कल्ल्यांनी ते श्वास घेते आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खाते. पंख फुटल्यावर प्रौढ कीटकाचे आयुष्य काही तासांचे, फार तर एक-दोन दिवसांचे असते. त्या अवधीत तो काहीही खात नाही. जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच त्याचे काम. पाण्यातील प्राणवायू घटला वा सांडपाणी मिसळले, की सर्वात आधी नाहीसा होणाऱ्या जिवांत त्याची गणना होते.

दुसरी कॅडिस माशी. हिच्या अळ्या म्हणजे नदीतले गवंडीच. काही जाती वाळूचे कण, काड्या व पानांचे तुकडे रेशमी धाग्याने जोडून स्वतःभोवती नळी बांधतात. काही जाती दगडांच्या फटीत बारीक जाळे विणतात आणि प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण त्यात अडकण्याची वाट पाहतात. प्रवाह थांबला की या जाळ्याला काही अर्थच उरत नाही. चतुर आणि टाचणी यांची पिल्लेही पाण्यातच वाढतात. ही पिल्ले पट्टीची शिकारी असून डासांच्या अळ्यांवर ताव मारतात.

यानंतर शिंपले. ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’ हा आपल्याकडील गोड्या पाण्यातला सर्वपरिचित शिंपला. तो पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म कण गाळून घेतो आणि स्वच्छ पाणी बाहेर टाकतो. एक मोठा शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळू शकतो. ज्या पात्रात शिंपल्यांची दाट वस्ती असते तेथे वीज नाही, रसायन नाही आणि देखभालीचा खर्च नाही, असे जलशुद्धीकरण केंद्रच चालू असते. काठच्या मातीत बिळे करणारे खेकडे, कुजलेला पाला खाणारे झिंगे, चिखलात राहणाऱ्या गोगलगायी व कृमी हे सर्व मिळून नदीत पडणाऱ्या सेंद्रिय कचऱ्याची विल्हेवाट लावतात. नदी स्वतःला शुद्ध करते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती शुद्धी हे जीव आणि जिवाणू करत असतात.

मासे याच जिवांवर पोसले जातात आणि माशांवर भोई समाजातील कुटुंबांचा चरितार्थ चालतो. दगडाखालची वस्ती उठली, तर तिचा परिणाम जाळ्यात आणि बाजारात दिसायला वेळ लागत नाही.

कोरडेपणाची सवय आणि अचानकपणाचा घाव

दख्खनच्या नद्या पावसावर वाहतात, उन्हाळ्यात त्यांचे पात्र तसेही आटते, मग धरणाने असे काय बिघडवले? असा प्रश्न येथे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या विषयाच्या मुळाशी नेणारे आहे.

मोसमी नदीतील जिवांना आटण्याची सवय असते, हे खरेच. पाणी ओसरू लागले की काही कीटक डोहांकडे सरकतात, काही पात्राखालच्या ओल्या वाळूत उतरतात. गोगलगायी आणि शिंपले चिखलात रुतून बसतात व कवच मिटून पावसाची वाट पाहतात. खेकडे बिळे अधिक खोल करतात. काही कीटक तर पाणी आटण्यापूर्वीच पंख फुटून उडून जातात. मात्र या सर्व युक्त्यांना वेळ लागतो. निसर्गातील आटणे आठवडेच्या आठवडे चालते आणि पात्रातील जिवांना त्याची चाहूल लागते. संच बंद झाल्यावर येणारे आटणे काही तासांचे असते. काठालगतच्या उथळ पाण्यातील जीव तेथेच उघडे पडतात आणि मराठवाड्याच्या उन्हात फार काळ तग धरू शकत नाहीत. उलट, संच एकदम सुरू झाले की स्थिर पाण्यात विसावलेल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहून जातात.

येलदरीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. येथे वीज हे पाण्याचे दुय्यम काम आहे. पाणी मुख्यतः सिंचनाच्या आवर्तनासाठी किंवा पावसाळ्यात साठा नियंत्रित करण्यासाठी सुटते. त्यामुळे कधी अनेक दिवस अखंड प्रवाह असतो, तर कधी दीर्घकाळ काहीच नसते. आवर्तनाच्या भरवशावर काठाशी घातलेली अंडी आवर्तन संपताच कोरडी पडतात. २०१५-१६ सारख्या दुष्काळात तर धरणातच पाणी उरत नाही आणि नदीची ही कृत्रिम नाडीही बंद पडते.

पाण्याचे प्रमाण हा प्रश्नाचा एक भाग झाला. पाण्याचा पोत हा दुसरा. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी उबदार आणि प्राणवायूयुक्त, तर तळाचे थंड आणि प्राणवायूला वंचित असते. खालच्या पातळीवरून घेतलेले पाणी संचातून बाहेर पडते तेव्हा ते स्वच्छ दिसते. परंतु त्याचे तापमान ऋतूशी जुळत नाही. कीटकांची वाढ आणि पंख फुटण्याची वेळ तापमानावर ठरते. हा संकेतच चुकला की प्रौढ कीटक भलत्या वेळी बाहेर पडतात. तिसरी गोष्ट गाळाची. नदीने आणलेली वाळू आणि बारीक खडी जलाशयाच्या तळाशी बसते. धरणाखाली येणारे गाळविरहित पाणी पात्रातली उरलीसुरली वाळूही उचलून नेते आणि मागे फक्त मोठे दगड उरतात. वाळूत राहणाऱ्या जिवांना घर उरत नाही. त्यात वाळूउपशाची भर पडली, की दुहेरी मार बसतो.

तुटलेला रस्ता

धरण हा प्रवाहाबरोबरच रस्त्याचाही अडथळा असतो. शिंपल्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याची सूक्ष्म पिल्ले काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि त्या फुकटच्या प्रवासात नदीच्या वरच्या भागात पोहोचतात. शिंपल्याला स्वतःला प्रवाहाविरुद्ध चढता येत नाही. मासा हेच त्याचे वाहन. मासा धरणापाशी थांबला की शिंपल्याचाही प्रवास थांबतो. धरणाच्या वरची वस्ती नष्ट झाली, तर खालून ती पुन्हा भरून निघत नाही. शिंपल्याचे आयुष्य दीर्घ असल्यामुळे हे नुकसान चटकन लक्षातही येत नाही. म्हातारे शिंपले वर्षानुवर्षे दिसत राहतात, पण त्यांच्यात लहान शिंपला एकही नसतो.

गोदावरीच्या झिंग्याची कथाही अशीच आहे. ‘मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी’ ही मोठी जात गोड्या पाण्यात वाढते. मात्र तिच्या डिंभांना सुरुवातीच्या काळात मचूळ पाणी लागते. त्यामुळे समुद्राजवळचे मुख आणि नदीचा वरचा भाग यांच्यामध्ये तिची ये-जा चालते. आज गोदावरीच्या मुखाकडून पूर्णेच्या संगमाकडे यायचे तर वाटेत आंध्र प्रदेशातील दवळेश्वरमचा बंधारा, तेलंगणातील श्रीरामसागर, मग नांदेड जिल्ह्यातील बाभळी आणि विष्णुपुरी असे अडथळे आहेत. दवळेश्वरमचा मूळ बंधारा ऑर्थर कॉटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधला. म्हणजेच पूर्णेतल्या एखाद्या जिवाचे भवितव्य केवळ येलदरीत नव्हे, तर शेकडो किलोमीटर खाली आणि पावणेदोनशे वर्षांच्या काळातही ठरत गेलेले आहे.

जागा रिकामी राहत नाही

एक जीव गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. तेथे दुसरा येतो. तो आपल्या सोयीचा असेलच असे नाही. खळाळत्या पाण्याऐवजी संथ डबकी उरली की मेफ्लाय जाते आणि डासांच्या अळ्या येतात. जलाशयांच्या काठी आणि कालव्यांच्या गवताळ कडांना संथ पाण्यातल्या गोगलगायी फोफावतात. यातील लिम्निया वर्गातील गोगलगायी ‘फॅसिओला जायगॅन्टिका’ या यकृत कृमीच्या वाहक आहेत. गुरे आणि शेळ्या-मेंढ्या अशा काठावरचे गवत खातात तेव्हा कृमी त्यांच्या पोटात जातो, जनावर खंगते आणि दूध आटते. पशुपालकाच्या दृष्टीने नदीची जैवविविधता हा निसर्गप्रेमींचा छंद नाही, तर गोठ्यातला प्रश्न आहे.

दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदीवर मोठी धरणे झाल्यानंतर कोरड्या हंगामातही एकसारखे पाणी वाहू लागले. त्याचा लाभ चावणाऱ्या काळ्या माश्यांनी घेतला आणि काठच्या पशुधनाला त्यांचा उपद्रव सोसावा लागला. घानामध्ये १९६५ साली व्होल्टा नदीवर अकोसोम्बो धरण पूर्ण झाले. पुढे जलाशयाच्या काठी गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या रक्तकृमीच्या रोगाने गावेच्या गावे ग्रासली. प्रवाह अगदी तुटणे जसे घातक, तसा तो अनैसर्गिकपणे एकसुरी होणेही घातक ठरते. नदीला चढउतार हवेत. मात्र ते ऋतूचे हवेत, कळीचे नव्हेत.

जागतिक चित्रही काळजी वाढवणारे आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या व्यापक मूल्यांकनात गोड्या पाण्यातील मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-झिंगे यांच्या मिळून २३ हजारांहून अधिक जातींचा आढावा घेतला गेला. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. खेकडे-झिंगे यांच्या गटात हे प्रमाण सुमारे ३० टक्के आहे. प्रदूषण, धरणे, पाण्याचा उपसा, शेतीचा विस्तार आणि बाहेरून आलेल्या जाती ही कारणे त्यात ठळकपणे नोंदली आहेत.

शनिवार-रविवारची सुटी

मग उपाय काय? धरणे पाडावीत असे कोणी म्हणणार नाही, आणि पूर्णेच्या बाबतीत तर ते अशक्यच आहे. परंतु धरण कसे चालवावे हा प्रश्न खुला आहे, आणि त्याचे एक उत्तम उत्तर अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये सापडले.

कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणातून विजेच्या मागणीनुसार रोज पाणी कमी-जास्त सोडले जाते. त्याखालच्या घळीत कीटकांचे प्रकार फारच कमी का, हे कोडे होते. शास्त्रज्ञांनी तराफ्यांवरून प्रवास करणाऱ्या मार्गदर्शकांची मदत घेतली. ते रोज संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी एक दिवा लावत आणि त्याकडे झेपावणारे कीटक गोळा करत. अशा अडीच हजारांवर नमुन्यांतून २०१६ साली निष्कर्ष पुढे आला. अनेक कीटक संध्याकाळी अगदी काठाशी, पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतात. त्या वेळी पातळी वर असेल, तर पुढे पाणी उतरल्यावर अंडी उघडी पडून सुकतात. सोडलेले पाणी खाली पोहोचायला तास लागत असल्याने घळीच्या काही भागांत संध्याकाळी चढ, तर काही भागांत उतार असे. जेथे संध्याकाळी उतार, तेथे कीटक अधिक. जेथे चढ, तेथे कमी.

रोग कळल्यावर औषध सोपे होते. २०१८च्या उन्हाळ्यात प्रयोग म्हणून शनिवार-रविवारी पाण्याची पातळी कमी आणि स्थिर ठेवण्यात आली. शनिवार-रविवारी विजेची मागणी कमी असल्याने तोटाही फारसा होत नव्हता. शनिवारी-रविवारी घातलेली अंडी आठवड्याच्या चढत्या पाण्यात ओलीच राहिली. पुढील काही वर्षांतही हा प्रयोग करण्यात आला आणि कॅडिस माश्यांच्या संख्येत लक्षणीय वाढ दिसली. सांगायचे तात्पर्य असे की, पाण्याचा एकही थेंब जादा न देता, केवळ तो देण्याची वेळ बदलून, नदीला काही परत देता येते.

पूर्णेवर हे सूत्र लागू करण्यास परिस्थिती अनुकूल आहे. येलदरीचे पाणी थेट शेतात जात नाही, ते सिद्धेश्वरच्या जलाशयात थांबते. वरून पाणी कसेही आले तरी कालव्याचे वेळापत्रक सिद्धेश्वरवरून सांभाळता येते. म्हणूनच येलदरीचे संच एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे आणि सुरू करतानाही एकेक संच अंतराने सुरू करणे यात शेतकऱ्याच्या हक्काचे पाणी कमी होण्याचे कारण नाही. २२.५ मेगावॅटच्या केंद्रात अशा बदलाने राज्याच्या वीजपुरवठ्यावर ताण येण्याचेही कारण नाही.

सिद्धेश्वरच्या खालच्या पूर्णेचा प्रश्न याहून अवघड आहे. तेथे पाणी कालव्यांकडे वळते आणि नदीच्या वाट्याला पावसाळ्याबाहेर फारसे काही उरत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोरड्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नद्यांत वाहते ठेवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. मराठवाड्यासारख्या तुटीच्या खोऱ्यात असा प्रवाह राखणे म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे पाणी कमी करणे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला मेफ्लायसाठी पाणी सोडा, असे सांगता येणार नाही. पण निदान डोह जिवंत राहतील एवढे पाणी आणि वाळूउपशापासून त्या डोहांचे संरक्षण, ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. पावसाळ्यात नदी पुन्हा वसते ती याच डोहांतील बीजातून.

दगड उलटून पाहण्याची गरज

आपल्याकडे नदीची तब्येत पाहण्यासाठी पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला जातो. ती तपासणी त्या क्षणापुरती खरी असते. दगडाखालचे जीव मात्र गेल्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतात, कारण ते तेथेच राहतात आणि सर्व काही सोसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशा जिवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत स्वीकारलेली आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. एक बारीक जाळी, एक पांढरे ताट, भिंग आणि ओळखण्याचा सराव पुरेसा असतो. औंढा, वसमत आणि जिंतूर परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हे काम सहज करता येईल. आवर्तनापूर्वी, आवर्तन चालू असताना आणि ते संपल्यावर अशा तीन नोंदी दरवर्षी त्याच जागी घेतल्या, तरी पाच-दहा वर्षांत पूर्णेचे प्रगतिपुस्तक तयार होईल.

धरणाच्या साठ्याचा आकडा रोज प्रसिद्ध होतो, तो आवश्यकच आहे. त्याच्या जोडीला नदीत काय जगते आहे याचीही नोंद असावी, एवढीच अपेक्षा. पाण्याने काठोकाठ भरलेला जलाशय आणि जिवंत नदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट येलदरीच्या भिंतीवर उभे राहून दिसते. दुसरी पाहण्यासाठी खाली उतरून, वाकून, एक दगड उलटावा लागतो.